वडिलांचा कित्ता

पूर्वीच्या गावठी शाळांत पंतोजी एक ओळ वळणदार अक्षरांत लिहून देत आणि मूल दिवसभर तीच ओळ गिरवीत बसे. त्या ओळीस कित्ता म्हणत. पंतोजी उपदेश काय करतात, रागावतात किती, छडी मारतात की नाही, ह्यावर अक्षराचे वळण अवलंबून नसे. कित्ता जसा असेल तसे अक्षर होई. कित्त्यातील 'क' ची मान वाकडी असली, तर चाळीस मुलांच्या पाट्यांवर चाळीस वाकडे 'क' उमटत, आणि त्या मुलांची मुले पुढे त्यांच्याकडून अक्षर शिकत.

हा शब्द आपल्या मराठी शास्त्रात पेत्राच्या पहिल्या पत्रात आला आहे. दुसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात ख्रिस्ताने आपल्यासाठी दुःख सोसून कित्ता घालून दिला असे प्रेषित सांगतो. तेथील मूळ ग्रीक शब्दसुद्धा मुलांनी गिरविण्यासाठी लिहिलेल्या अक्षरांचाच आहे. पुढे पाचव्या अध्यायात तोच प्रेषित मंडळीच्या वडिलांस सांगतो की, त्यांनी कळपावर धनीपण गाजवू नये, तर त्याच्यापुढे उदाहरण होऊन राहावे.

आपल्या भाषेत 'वडील' हा शब्द मोठा भारदस्त आहे. जन्मदाता बाप तो वडील, वयाने मोठा तो वडील, आणि मंडळीचा कारभार पाहण्यासाठी ज्यास निवडिले तोही वडील. तिघांस एकच नाव मिळाले आहे, आणि तिघांवर एकच जोखीम आहे. ती ही की, मागून येणारे लहान त्यांच्याकडे पाहत असते.

ह्या विषयावर उपदेश करणे सोपे आहे, आणि म्हणूनच आम्हांस तो करण्याचा संकोच वाटतो. तेव्हा आधी आमच्याच घरची एक गोष्ट सांगतो.

एस. टी. च्या गाडीत वयाची बारा वर्षे पुरी होईपर्यंत मुलास अर्धे तिकीट लागते, हे वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या मुलास बारा वर्षे पुरी होऊन दोन महिने झाले होते. जालन्याहून अंबडला एका लग्नास जाताना कंडक्टराने मुलाकडे पाहून विचारले, "वय किती?" आम्ही म्हणालो, "अकरा." मुलाने आमच्याकडे एकदा पाहिले व मग तो खिडकीबाहेर पाहू लागला. आपण आता बारा वर्षांचे झालो ह्याचा त्यास फार अभिमान होता. वाढदिवसापासून जो भेटेल त्यास तो ते सांगत असे. त्या दिवशी मात्र तो काही बोलला नाही. वाचलेले पैसे किती होते ते आज आम्हांस आठवतही नाही, इतके ते थोडे होते.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्याच वाटेने निघालो. कंडक्टर आमच्यापाशी येण्यापूर्वीच मुलगा पुढे होऊन म्हणाला, "एक पुरे, एक अर्धे. मला अकरा चालू आहे." त्याचा स्वर सहज होता, चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट, आपण बाबांचे काम हलके केले असे समाधान त्याच्या मुद्रेवर होते. त्याच रविवारी शब्बाथशाळेत त्याने दहा आज्ञा एकही शब्द न चुकता म्हणून दाखविल्या होत्या, आणि त्या त्यास आम्हीच पाठ करून दिल्या होत्या.

त्या क्षणी आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तोच ह्या लेखाचा विषय आहे. ज्याचे स्वतःचे अक्षर वाकडे आहे त्याने कित्ता घालावा काय? आणि न घालण्याची त्यास मोकळीक आहे काय?

ह्या बाबतीत अलीकडच्या विद्वानांनी काही प्रयोग करून पाहिले आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत अल्बर्ट बांडुरा ह्या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 72 लहान मुलांवर केलेला प्रयोग 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने एका मोठ्या रबरी बाहुल्यास मारझोड केली. पुढे त्या मुलांस तशाच बाहुल्यापाशी सोडले, तेव्हा त्यांनीही तशीच मारझोड केली, आणि त्या माणसाच्या तोंडचे शब्दही तसेच उच्चारले. "असे कर" असे त्यांस कोणी सांगितले नव्हते. पुढे 1970 मध्ये ब्रायन व वॉल्बेक ह्या दोघांनी दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मुलांसमोर एकजण औदार्याचा उपदेश करी, परंतु स्वतः काही देत नसे; दुसरा लोभाच्या गोष्टी बोले, परंतु देत असे. देण्याची वेळ आली तेव्हा मुलांच्या हातून मोठ्यांच्या कृतीसारखी कृती झाली. बोलण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या तोंडी मोठ्यांचा उपदेश आला.

हा दुसरा प्रयोग वाचून आम्ही पुष्कळ वेळ विचार केला. आजवर आमची समजूत अशी होती की, करणी व बोलणे ह्यांत अंतर पडले म्हणजे उपदेश वाया जातो, एवढेच. परंतु वाया काहीच जात नाही. मूल बोलणेही उचलते आणि करणीही उचलते. आणि ह्या दोहोंत अंतर ठेवून सुखाने कसे राहावे, ही तिसरी विद्याही उचलते. आमच्या मुलाने आठवी आज्ञा पाठ केली, अर्धे तिकीटही काढले, आणि ह्या दोहोंत त्यास विरोध दिसला नाही. परूश्यांची विद्या ती हीच. ती आमच्या घरात आम्हीच शिकविली.

शास्त्रात एली याजकाची गोष्ट आहे. त्याचे पुत्र दुराचारी निघाले, ह्याचा दोष आपण बहुधा असा सांगतो की, एलीने त्यांस दटाविले नाही. परंतु शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा दुसरा अध्याय नीट वाचिला म्हणजे असे दिसते की, एली मुलांस बोलला होता. लोकांकडून काय काय ऐकतो ते त्याने त्यांस ऐकविले, देवाविरुद्ध केलेले पाप किती जड असते हेही सांगितले. ते शब्द खरे होते. मग देवाचा माणूस त्याच्याकडे कोणता ठपका घेऊन आला? पुत्रांनी अर्पणांतील उत्तम भाग बळकाविला, आणि त्यावर तुम्ही सर्वांनी आपणांस पुष्ट केले, असा. म्हणजे ज्या मांसाविषयी एली मुलांस रागे भरत होता, ते त्याच्याही ताटात पडत होते. अशा बापाचा उपदेश मुलांनी ऐकिला नाही, ह्यात नवल कसले?

आता आपल्या गावांकडे पाहू. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून स्वतंत्र कायदा आहे, सरकार कॉपीमुक्त अभियान चालविते, केंद्रांवर भरारी पथके येतात. असे असून कित्येक ठिकाणी शाळेच्या भिंतीवर, खिडकीच्या गजांशी, मागच्या झाडावर माणसे दिसतात. ही माणसे परकी नसतात. कोणी बाप असतो, कोणी मामा, कोणी थोरला भाऊ. ज्या हाताने मुलास प्रथम शाळेत पोहोचविले, त्याच हाताने तो त्यास चिठ्ठी देतो. बापास विचारा, तर तो म्हणेल, "पोराचे वर्ष वाया जाऊ नये, आमच्यासारखे त्याने उन्हात राबू नये." ह्या शब्दांमागे खरे प्रेम आहे, ते आम्ही नाकारीत नाही. ज्याने कोरडवाहू दोन एकरांवर कापूस काढिला, ज्याची मोसंबीची बाग 2012-13 च्या दुष्काळात डोळ्यांदेखत वाळली, त्यास मुलाच्या नोकरीची तळमळ असणारच. परंतु त्या चिठ्ठीत प्रश्नाच्या उत्तराखेरीज आणखी एक मजकूर असतो, आणि तो मूल जन्मभर विसरत नाही. "तुझ्या बळावर माझा भरवसा नाही, आणि खरेपणाने जगात निभाव लागत नाही," असा तो मजकूर. एवढा कठोर शब्द हा बाप आपल्या लेकराशी तोंडाने कधीही बोलला नसता.

तंबाखूची गोष्टही तशीच. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने मनाई आहे, आणि 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे मुलास तंबाखू किंवा दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. तरी संध्याकाळी ओट्यावर बसून "जा रे, टपरीवरून एक पुडी घेऊन ये," असे नातवास सांगणारे आजोबा कोणत्या गावात नाहीत? नातू पुडी आणतो. पुढे चुना लावून मळून देतो. मळलेली चिमूट आजोबांच्या तळहातावर ठेवताना त्यास कौतुकाचा शब्द मिळतो. त्या घरात मुलास इतक्या प्रेमाने दुसरे कोणते काम शिकविले जाते, ते आम्हांस सापडले नाही.

येथे कोणी विचारील, "मग मुलाच्या पापाचा भार बापावर पडतो काय?" ह्या प्रश्नावर शास्त्राची दोन वचने एकमेकांसमोर उभी राहिल्यासारखी दिसतात. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात बापाच्या अन्यायाचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातो असे म्हटले आहे. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात बापाच्या अन्यायाचा भार पुत्र वाहणार नाही असे स्पष्ट सांगितले आहे. आमच्या समजुतीने ह्या दोहोंचा मेळ आपल्या काळ्या रानातील पायवाटेने बसतो. पहिला पाऊस पडून वाफसा झाला म्हणजे रानातून जो प्रथम जातो त्याची पावले चिखलात उमटतात. दुसरा त्याच पावलांवर पाय ठेवितो, कारण ते सोपे असते. दसऱ्यापर्यंत तेथे वाट पडते, आणि मग ती वाट धुऱ्याने जाते की उभ्या पिकातून, हे कोणी विचारीत नाही. पीक तुडविण्याचा दोष ज्याचा त्याचा. यहेज्केल खरे सांगतो. परंतु वाट कोणी पाडिली, तेही देव पाहतो. म्हणूनच लहानांस अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचे ते भयंकर वचन प्रभूने उच्चारिले. ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि ते लहानांस उद्देशून नाही.

तर मग वाकड्या अक्षराच्या वडिलांनी काय करावे? ह्यावर लोक बहुधा दोन उत्तरे देतात.

पहिले उत्तर असे की, गप्प बसावे. "मी स्वतः तंबाखू खातो, मुलास कोणत्या तोंडाने सांगू?" हे नम्रतेचे बोलणे वाटते, पण त्याच्या आत आळस दडलेला असतो. शास्त्री व परूशी ह्यांच्याविषयी बोलताना प्रभूने शिष्यांस असे सांगितले नाही की, त्यांचे शिकविणे टाकून द्या. त्यांचे सांगणे पाळा, त्यांची करणी मात्र घेऊ नका, असे त्याने सांगितले. सत्य वाकड्या तोंडून आले तरी सत्यच राहते. शिवाय गप्प बसल्याने कित्ता पुसला जात नाही. बाप बोलला नाही तरी त्याची पुडी बोलतच असते.

दुसरे उत्तर असे की, लपवावे. मुलांसमोर करू नये, मागे करावे. ह्यात अंशमात्र खरे आहे, हे आम्ही कबूल करितो. जो लपवितो त्यास निदान लाज आहे, आणि उघड निर्लज्जपणापेक्षा लाज बरी. परंतु घर दोन खोल्यांचे, आणि मुलांचे कान चार दिशांस. लपविलेले उघडे पडते, आणि मग मूल दोन गोष्टी शिकते, दोष करणे व तो झाकणे. दोषापेक्षा झाकण्याचे व्यसन सुटण्यास अधिक कठीण असते.

तिसरा मार्ग राहिला, आणि तो वडीलमंडळींस सर्वांत जड जातो. मुलासमोर आपली चूक कबूल करावी. "असे केल्याने मान राहत नाही, मूल डोक्यावर बसते," अशी भीती आपल्या समाजात फार आहे. आम्हांसही होती. त्या दुसऱ्या प्रवासानंतर चार दिवस आम्ही बोललो नाही. अखेर एका रात्री घरच्या प्रार्थनेपूर्वी आम्ही मुलास म्हणालो, "मी त्या दिवशी कंडक्टरशी खोटे बोललो. तू माझे पाहून बोललास. आधी चूक माझी." तो थोडा वेळ चटईची काडी उपसत राहिला. मग त्याने विचारले, "मग ते पैसे?"

ह्या प्रश्नाची आम्ही तयारी केली नव्हती. आम्ही कबुलीवर थांबणार होतो. मुलाने आम्हांस जक्कयाच्या घरापर्यंत नेले. जक्कयाने प्रभूचे आपल्या घरी स्वागत करून केवळ आपली लबाडी सांगितली नाही. चौपट परत करण्याचे बोलला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे जालन्याच्या स्थानकावर गेलो आणि अंबडच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या कंडक्टराकडे दोन अर्धी तिकिटे मागितली. "बसणार कोण?" त्याने विचारले. मुलगा म्हणाला, "कोणी नाही. मागची बाकी आहे." कंडक्टराने आमच्याकडे पाहिले, यंत्रातून तिकिटे काढून दिली व घंटी वाजविली. येताना मुलगा आमच्या पुढे चालत होता, आणि तो आमचा अनादर करीत आहे असे आम्हांस वाटले नाही.

ह्यावरून आम्हांस असे वाटते की, बिनचूक अक्षर हा प्रभूचाच कित्ता आहे. तो आपल्यापैकी कोणासही साधत नाही. परंतु चुकलेले अक्षर खोडून त्याच ओळीत पुन्हा नीट कसे लिहावे, हे प्रभूने आपल्या जीवनात दाखविले नाही, कारण त्याच्या हातून चूक झालीच नाही. पश्चात्तापाचा कित्ता घालणे हे काम त्याने पापी वडिलांकडे सोपविले आहे. तो आपण घातला नाही, तर मुले तो कोठून गिरविणार? मात्र वरचेवर चुकावे व वरचेवर कबूल करावे, असा क्रम पडला तर तोही कित्ताच होतो, आणि फार वाईट होतो. कबुलीमागे परतफेड व पालट पाहिजे.

आमच्या जालन्यास तर ह्या बाबतीत मोठा वारसा आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांचा बाप्तिस्मा मुंबईत 1843 मध्ये झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बाराएक वर्षांचा मुलगा, थोरल्याच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या घरी गेला. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी धरिला, आणि त्यावरून मुंबईत मोठे वादळ उठले. त्या वादाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. त्या बापाचे दुःखही लहान नव्हते. आम्ही एवढेच पाहतो की, थोरल्याने पाऊल उचलले आणि धाकट्याने ते पाहिले. लहान मूल तोलून पाहत नाही, ते मागे येते; म्हणून तोलण्याचे काम पुढे चालणाऱ्याचे.

पुढे हेच नारायणराव त्या वेळच्या निजामाच्या राज्यातील जालन्यास आले. ब्राह्मणाच्या कुळात जन्मलेला हा मनुष्य त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मातंग समाजाच्या लोकांमध्ये कार्य करू लागला, आणि जालन्याजवळ त्याने बेथेल हे गाव वसविले. 1891 मध्ये ते वारले. सर्व माणसे देवाची लेकरे आहेत हे वाक्य त्यांनी पुष्कळदा उच्चारिले असेल. परंतु ज्या देशात माणसाच्या सावलीचाही विटाळ मानीत, तेथे असा मनुष्य आपल्या वस्तीत येतो, हे ज्या मुलांनी रोज पाहिले, त्यांस त्या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

आणि आज? आमच्या मंडळ्यांत सोयरीक जुळविताना "मूळचे कोणते?" असे दबक्या आवाजात विचारिले जाते. विचारणारे कधी कधी मंडळीचे वडीलच असतात. मुले दाराआड बसून ऐकतात. रविवारी तीच मुले ख्रिस्तात भेद नाही असे मोठ्याने म्हणतात. वर सांगितलेल्या प्रयोगातील मुलांप्रमाणे ती दोन्ही गोष्टी शिकतात.

शेवटी एक गोष्ट. जालना हे बियाण्यांचे शहर आहे. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले ह्यांनी येथे महिको कंपनी स्थापिली, आणि तेव्हापासून बियाण्यांचा प्लॉट घेणे म्हणजे काय, हे आपल्या कित्येक शेतकऱ्यांस ठाऊक झाले आहे. बियाण्यासाठी पीक घेणारा आपल्याच रानापुरते पाहून थांबत नाही. वेगळ्या जातीचे झाड दिसले की उपटतो, आणि शेजारच्या पिकापासून अंतर राखितो, कारण पराग वाऱ्यावर व माशांच्या पायांवर येतो, त्यास धुऱ्याची अडवणूक नाही. मुलांचेही असेच आहे. आमच्या मुलाने आमच्याकडून घेतले नाही ते शेजारच्या ओट्यावरून घेईल, पाळकाच्या घरून घेईल, मंदिराच्या पायरीवर पैसे मोजणाऱ्या पंचाकडून घेईल. मात्र मुलांस रानाप्रमाणे शेजाऱ्यापासून अंतरावर ठेविता येत नाही. म्हणून शेजारी मिळूनच रान स्वच्छ राखिले पाहिजे.

म्हणून मंडळ्यांतील वडील, बाप, आया, आजोबा व आजी ह्यांस आमची नम्र विनंती आहे. येत्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरात एका लहानाकडे नीट लक्ष द्यावे, आणि त्याच्या बोलण्यात, चालण्यात, रागात व लाजेत आपले अक्षर कोठे दिसते ते शोधावे. जे सुरेख उमटले असेल त्याबद्दल देवाचे आभार मानावे. जे वाकडे उमटले असेल त्याबद्दल मुलास मारू नये. आधी आपली पाटी पुसावी, आणि ती त्याच्यासमोरच पुसावी. ज्याने आपल्यासाठी पहिला कित्ता घातला, तो आपला थरथरता हात धरून पुन्हा लिहविण्यास समर्थ आहे.